चोपन्न पायऱ्या

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन मिनिटं अकरा सेकंद! ढाल पुन्हा आमच्याकडे! सलग तिसऱ्या महिन्यात!

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आगीची कवायत. घंटा एकसारखी वाजत राहते, सगळी शाळा खाली मैदानात, आणि मोठ्या बाई हातात घड्याळ धरून उभ्या. तळमजल्यावरचे वर्ग अजून चपला शोधत होते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची माझी मुलं रांगेत उभी! शेजारच्या वर्गाचे शिट्टी सर (शिट्टी गळ्यातच असते, झोपतानाही असावी) म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांना जिन्यावरून ओतता की काय?" म्हटलं, शिस्त लागते सर, शिट्टी नाही. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खरंच शिस्त आहे. उभं राहायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं, स्पष्ट बोलायचं, हा नियम. शेवटच्या बाकावरचासुद्धा पुटपुटत नाही. एक वकीलच काय तो वाया गेलेला. पहिल्या बाकावर बसतो, प्रत्येक वाक्याला "पण बाई" लावतो, आणि ऊठसूट माझ्या टेबलावर थाप मारतो. आज कवायतीच्या वेळीही मारली. या महिन्यात दोनदा वर्गाबाहेर उभा केला, तरी खोड जात नाही.

पण आज त्यालाही माफ. ढाल फळ्याशेजारी ठेवली आहे. ऊन आलं की चमकते!

२९ सप्टेंबर, सोमवार

दिवस वाईट गेला. सरळ लिहून टाकते.

"आपण सगळे" या विषयाचा तास. मी रविवारी अर्धा दिवस घालवून तक्ता रंगवला होता — वेगवेगळी मुलं, एक चष्म्याची, एक कुबड्यांची, एक परक्या वेषातली, सगळ्यांचे हात एकमेकांत. विचारलं, या चित्रातून काय कळतं? सगळ्यांनी छान छान उत्तरं दिली. कोणालाही सोडून जायचं नाही, वगैरे. मी खूश.

मग वकील उभा. "पण बाई, मग शुक्रवारी मुकादम कुठे होती?"

मुकादम ही आमची कुबड्यांवर चालणारी मुलगी. दोन्ही पायांना कॅलिपर. टोपणनाव मुलांनीच ठेवलं, कारण ती सगळ्यांना कामाला लावते. तिला ते फार आवडतं.

म्हटलं, ती ऑफिसमध्ये होती, तिला सवलत आहे. कवायतीआधी दहा मिनिटं तिला लिफ्टने खाली पाठवतो, म्हणजे त्रास नको.

"पण बाई, खरी आग लागणार हे आपल्याला दहा मिनिटं आधी कोण सांगणार?"

मी तक्त्याचा कोपरा सरळ करू लागले. आणि मुकादम बसल्या जागेवरून म्हणते कशी — "मी ऑफिसमध्ये बिस्किटं खाते. खऱ्या आगीतही खाईन. भाजलेली!"

सगळे हसले. मला नाही हसू आलं. दर महिन्याला तिला आधी खाली पाठवायची चिठ्ठी मी लिहिते. माझी सही असते खाली. आणि तिला त्रास नको म्हणून लिहिते हे मी स्वतःला सांगत होते. खरं कारण फळ्याशेजारी चमकत होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, पुढच्या वेळी मुकादमलाही वर्गाबरोबर उतरवायचं आहे.

त्या शांतपणे ऐकतात, तेव्हा जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. इतके दिवस मीही डोळेझाक केली. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. तिला तळमजल्यावरच्या तुकडीत हलवू. उद्यापासून."

अरे देवा! मी तिला वर्गात घ्यायला गेले होते, वर्गातून काढायला नाही!

भांडले. म्हणजे माझ्या मानाने भांडले. शेवटी एक महिना मिळाला. अट — ऑक्टोबरच्या कवायतीत सगळा वर्ग, एकूण एक मूल, चार मिनिटांच्या आत मैदानात. नाहीतर ती खालच्या तुकडीत. लिफ्ट नाही, दहा मिनिटं आधी नाही.

"आणि दिवस मी सांगणार नाही," म्हणाल्या. "आग कुठे सांगून येते?"

वकिलाने यांचे कान भरले की काय!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मुकादमची आई आली होती. दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी संपवून थेट आलेली, डोळे लाल. मला वाटलं, म्हणेल, खालीच बसवा, सोपं पडेल.

म्हणाली, "बाई, आधीच्या शाळेत तिची वेगळी खोली होती तळमजल्यावर. सगळी सोय होती. इथे आल्यापासून ती रोज घरी येऊन भांडणं सांगते. कोणाशी झालं, कोणाचं चुकलं. तिकडे भांडायलाही कोणी नव्हतं हो."

मी चहा सांगितला. तिचा कप तसाच राहिला. बोलत होती ती, आणि मधेच खाली मान घालून काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मी नुसती मान हलवली. काय म्हणाली असेल?

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिला प्रयत्न. शाळा सुटल्यावर, शिपाईमामा घड्याळ घेऊन खाली.

सात मिनिटं बावन्न सेकंद.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चार दांडग्या मुलांनी ठरवलं, खुर्चीवर बसवून उचलून न्यायचं. मुकादमला विचारलं नव्हतं. तिने खुर्चीचा दांडा धरून असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावर गेलेले शिट्टी सर धावत वर आले.

"मी काय कपाट आहे?"

चौघेही खुर्ची टाकून पळाले. मी मनात टाळ्या वाजवल्या. उघड रागावले.

पण मग उतरायचं कसं? कुबड्यांनी एकेक पायरी, चोपन्न पायऱ्या. आणि सशाचा प्रश्न वेगळाच! ससा म्हणजे तिसऱ्या बाकावरचा हळवा मुलगा. मोठा आवाज झाला की बाकाखाली शिरतो, बाकाचा पाय घट्ट धरतो. आजवर कवायतीच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं आणि तो घरी असायचा. हे मला आज कळतंय. आज! माझ्या दोन मिनिटं अकरा सेकंदांत बत्तीसपैकी तीसच मुलं होती तर.

८ ऑक्टोबर, बुधवार

मामांनी हातातली घंटा वाजवली. मी फळ्यावर लिहीत होते. वळून बघते तर मुलं उभी, आणि वकिलाची टेबलावर थाप! त्याला झापलं. मग म्हटलं, मामा, हल्ली घंटा हळू का वाजवता? मामा माझ्याकडे बघतच राहिले.

संध्याकाळी धाकटी आली. आल्या आल्या टीव्ही बारीक केला. "ताई, तुझ्या मालिकेची गोष्ट शेजाऱ्यांना पाठ झाली आहे." मग नेहमीचं पुराण. डबी कुठे आहे, लावतेस का.

इथे तरी लिहिते. कान गेलेत. दोन्ही, डावा जास्त. डॉक्टरांनी मार्चमध्ये यंत्र दिलं, ते डबीसकट ड्रॉवरमध्ये रुमालांखाली आहे. लावलं की दिसणार. दिसलं की शिक्षकखोलीत कुजबुज, आणि ती तर मला ऐकूही येणार नाही! बावीस वर्षं वर्ग गाजवला. ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्या हातात चाळीस-चाळीस मुलं कोण देईल? ग्रंथालयात बसवतील. पुस्तकं बोलत नाहीत.

मी सांभाळून घेते. तोंडाकडे बघून कळतं. कोणाला पत्ता नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज! आज सापडलं!

मुकादमला विचारलं (विचारायचं असतं, एवढं आम्ही शिकलो), तू घरी जिना कशी उतरतेस? लाल झाली. सांगेना. वर्गातून सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा म्हणाली, "बसून. पायरीवर बसायचं, हातावर भार, खालच्या पायरीवर. पटापट होतं."

मग इथे का नाही?

"बाई, सगळे बघतात ना. बुड घासत जाणारी मुलगी म्हणतील."

मी म्हटलं, लाजायचं कशाला गं, आपल्याला जे लागतं ते लागतं, त्यात कमीपणा नाही — आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. रुमालांखालची डबी आठवली. स्वतःचाच राग आला. पण वाक्य पूर्ण केलं. बाई आहे ना मी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वर्गात सांगून टाकलं, तिच्या परवानगीने. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. वकील म्हणाला, "पण बाई, आम्हाला पण करून बघायचंय."

आणि मग जिन्यावर जे झालं ते शाळेच्या इतिहासात झालं नसेल. बत्तीसच्या बत्तीस मुलं, ओळीने, बसून, धप् धप् धप् धप्! कोणाची विजार अडकली, कोणी तीन पायऱ्या एकदम आला आणि ओरडला. त्या चार दांडग्यांना एक मजलाही धड जमेना. आणि मुकादम? कॅलिपर लावलेले पाय पुढे, दोन्ही हात कडेला, सरसर सरसर, सगळ्यांना मागे टाकत खाली! मैदानाच्या दारात बसून वर बघत ओरडली, "काय रे, झोपलात का?"

शर्यत जिंकली तिने. वर्गात पहिली! आजवर धावण्याच्या कुठल्याही शर्यतीत तिला शिट्टी वाजवायला उभं करायचो आम्ही.

मामा आले, पायऱ्यांकडे बघितलं, मुलांच्या मागच्या बाजू बघितल्या आणि म्हणाले, "चला, आज जिना पुसायचं काम वाचलं."

मी पण दोन पायऱ्या बसून उतरले. साडीत. कोणी बघितलं नाही असं धरून चालते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा पालकांच्या चिठ्ठ्या. विषय एकच — गणवेशाची मागची बाजू.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पाच मिनिटं सहा सेकंद. मुकादम कठड्याच्या बाजूने, बाकीचे भिंतीच्या बाजूने चालत. कोणी कोणाला अडवत नाही. अडतं ते दोन जागी — तिच्या कुबड्या कोण आणणार, आणि ससा.

दोन्ही गोष्टी मुकादमनेच एका फटक्यात सोडवल्या. सशाला म्हणाली, "तुला काय झालं की बरं वाटतं?" मी दोन वर्षांत त्याला हे विचारलं नव्हतं. "घाबरू नको" मात्र शंभरदा म्हटलं असेल.

तो म्हणाला, "मोजलं की."

"मग पायऱ्या मोज. मोठ्याने. माझ्या कुबड्या घे आणि माझ्या शेजारून चाल. मला शेवटची पायरी कधी येते ते कळेल."

झालं! हुकूम सुटला!

२२ ऑक्टोबर, बुधवार

चार मिनिटं एकोणीस सेकंद. एकोणीस सेकंद जास्त! फक्त एकोणीस!

मुकादमने एक यादी केली आहे — वर्गात कोणाला काय लागतं. नुसती तिची आणि सशाची नाही, सगळ्यांची. थोडं तिनेच मला सांगितलं: एकाला चष्म्याशिवाय जिना दिसत नाही. नव्या मुलीला अजून आपली भाषा नीट येत नाही, तिला खुणेने सांगायचं. एक दांडगा म्हणे अंधाराला भितो (हे त्याने स्वतः लिहायला लावलं!). यादी मुलांच्या रंगपेट्यांच्या कपाटात, दाराच्या आतून चिकटवली आहे. मी बघायला गेले तर वकील आडवा.

"बाई, हे मोठ्यांसाठी नाही."

बरं बाबा!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शिट्टी सर म्हणाले, "एका मुलीसाठी एवढा आटापिटा? ढाल जाणार तुमची." म्हटलं, जाऊ दे. आणि खरंच वाटलं तसं. सप्टेंबरमधल्या मला हे कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पण झोप नीट नाही. ती खाली गेली तर? माझ्यामुळे गेली असं होईल. मी चिठ्ठ्या लिहीत राहिले असते तर निदान वर्गात तरी राहिली असती. असाही विचार येऊन गेला, लाज वाटते लिहायला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज झाली! शुक्रवारी नाही, आज! गणिताच्या तासाला, कोणाला काही न सांगता!

क्रमाने लिहिते. मी फळ्याकडे तोंड करून अपूर्णांक मांडत होते. धाडकन टेबलावर थाप. खडू मोडला. वळले ती तोंड उघडूनच, वकिलाला बाहेर काढायला — आणि बघते तर सगळा वर्ग उभा. दार उघडं. मुलं माझ्याकडे बघताहेत. घंटा! त्या मेल्याची खोड नेमकी आज कामाला आली. माझं नशीब!

ससा बाकाखाली गेला. एक क्षण. मुकादम ओरडली, "कुबड्या!" आणि तो बाहेर आला. डोळे मिटलेले, पण आला!

जिना. कठड्याच्या बाजूने ती, शेजारी तो. एक, दोन, तीन. मी मागे. त्याचे ओठ दिसत नव्हते, पण मान हलत होती, प्रत्येक पायरीला एकदा. दुसऱ्या मजल्यावर घंटा थेट डोक्यावर लावलेली आहे. तिथे तो थांबला. थिजला. मागून शिट्टी सरांचा वर्ग धडाधड आला आणि भिंतीच्या बाजूने निघून गेला. मला वाटलं, संपलं. गेली ती खाली. मी पुढे होणार तेवढ्यात मुकादमने बसल्या बसल्या त्याच्या विजारीचं टोक धरलं.

"मोज ना रे! मी थांबलेय."

एकोणीस, म्हणाला असणार. मान हलली. वीस. एकवीस.

चोपन्न!

तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद! बत्तीसपैकी बत्तीस! मी रडले. मैदानात, सगळ्यांसमोर. मुकादम म्हणाली, "बाई, रांगेत उभ्या राहा." राहिले.

आणि खरी गंमत पुढे आहे. शिट्टी सर दोन मिनिटं वीसमध्ये पोचले होते, ढालीची वाटच बघत होते. मोठ्या बाई मैदानाच्या मधोमध आल्या आणि मामांना म्हणाल्या, "ऑफिसमध्ये कोण कोण बसलंय, त्यांना बाहेर बोलवा."

पण आज तर कोणाला आधी सांगितलंच नव्हतं! ऑफिसमधून कोणी आलं नाही. मग त्यांनी प्रत्येक वर्गाची हजेरी घेतली, आणि शाळेतली सात मुलं मैदानात नव्हती. सात! एक गुडघा प्लास्टरमध्ये असलेला, एक दम्याची, एक हट्ट धरून बसलेला आणि "राहू दे" म्हणून सोडलेला. दोघं शिट्टी सरांचीच. इतके दिवस तीही बिस्किटंच खात होती!

शिक्षक आपापल्या जिन्याकडे पळाले. सर सगळ्यांत पुढे. परत आले ते एकाला कडेवर घेऊन, घामाघूम, शिट्टी पाठीवर गेलेली. माझ्यापाशी थांबले. काहीतरी बोलले. मला वाटतं, "तुमच्या पोरांकडून शिकायला हवं" असं. ओठ तसेच हलले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ढाल आमची! नवा नियम फळ्यावर लागला — सगळी मुलं आली तरच वेळ धरायची. शाळेत एकच वर्ग पूर्ण होता!

मोठ्या बाईंनी ढाल माझ्या हातात दिली. मी मुकादमला दिली. तिने सशाला दिली, "धर, माझे हात अडकलेत." तिची आई फाटकाशी उभी होती, रात्रपाळीच्या कपड्यांत. तिला सांगितलं, मुलगी वरच राहणार. यावेळी मी तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, त्या दिवशी तुम्ही शेवटी काय म्हणालात, मला ऐकू आलं नव्हतं. पुन्हा सांगाल?

ऐकू आलं नव्हतं — एवढे तीन शब्द पहिल्यांदाच कोणापुढे बोलले.

ती म्हणाली, "म्हटलं होतं, तुम्ही तिला रागावता ना, ते तिला फार आवडतं."

३ नोव्हेंबर, सोमवार

ढाल ठेवायला मुलांचं कपाट उघडलं. वर्ग रिकामा होता. दाराच्या आतली यादी वाचली. मुकादमचं अक्षर, बत्तीस नावं, प्रत्येकापुढे काय लागतं ते. आणि खाली —

"३३. बाई. घंटा ऐकू येत नाही. वकिलाने टेबलावर थाप मारायची, रागावल्या तरी. बोलताना सगळ्यांनी उभं राहून त्यांच्याकडे तोंड करायचं. (हे जुलैपासून चालू आहे.) त्यांना कळू द्यायचं नाही, त्यांना वाईट वाटेल."

वकिलाला मी एकूण चार वेळा वर्गाबाहेर उभं केलं.

डबी पर्समध्ये टाकली आहे. उद्या पहिल्या तासाला, सगळ्यांच्या देखत.